गर्भारपणातील जंतुसंसर्ग : आई व बाळ यांच्या रक्षणाची सुरुवात कोठे होते?



वार्षिक अहवालात जमाखर्चाचे आकडे असतात, उपकरणांच्या खरेदीची नोंद असते आणि दात्यांची नामावली असते. त्या आकड्यांमागील विचार मात्र क्वचितच सांगितला जातो. म्हणून अहवालाची काही पाने एखाद्या आरोग्यविषयास द्यावीत, असे आम्ही ठरविले आहे. यंदाचा विषय गर्भवती स्त्रीस होणारा जंतुसंसर्ग आणि त्याचे माता व नवजात शिशू यांवर होणारे परिणाम हा आहे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलणे आम्हांस शोभणार नाही. परंतु इतकी वर्षे नोंदणीच्या खिडकीमागे बसून जे पाहिले आणि आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते आपणांसमोर ठेवीत आहोत.

हा विषय का?

नमुना नोंदणी योजनेच्या २०२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६ बालके पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. त्यांपैकी ११ बालके जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावली. म्हणजे वर्षभराच्या धोक्याचा दोन तृतीयांश भाग पहिल्या चार आठवड्यांत साठलेला असतो. मातांच्या बाबतीत आपल्या राज्याची प्रगती समाधानकारक आहे. २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण ३३ होते आणि देशात याहून कमी प्रमाण केवळ केरळचे होते. तरीही ज्या घरातील माता जाते, त्या घरास या प्रमाणाचा काय दिलासा?

नवजात बालकांच्या मृत्यूची तीन प्रमुख कारणे सांगितली जातात : अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतःच श्वास न घेणे आणि जंतुसंसर्ग. कागदावर ही तीन कारणे वेगवेगळ्या रकान्यांत येतात, प्रत्यक्षात ती एकमेकांत गुंतलेली असतात. आईच्या शरीरातील संसर्गामुळे कळा लवकर सुरू होऊ शकतात. लवकर जन्मलेल्या बाळाची प्रतिकारशक्ती कमी असते आणि त्यास पुन्हा संसर्ग होतो. मृत्यूच्या दाखल्यावर ‘कमी दिवसांचे बाळ’ असे लिहिले जाते, पण कथेचा आरंभ काही आठवड्यांपूर्वी आईच्या लघवीत झालेला असू शकतो.

जंतू बाळापर्यंत कसे पोहोचतात?

जंतू बाळापर्यंत तीन वाटांनी पोहोचतात. पहिली वाट रक्ताची. आईच्या रक्तातील काही जंतू व विषाणू वारेतून गर्भापर्यंत जातात. उपदंश व रुबेला ही याची उदाहरणे होत. दुसरी वाट प्रसूतिमार्गाची. पाणमोट फुटल्यावर गर्भाभोवतीचे संरक्षण संपते आणि खालील भागातील जंतू वर चढू लागतात. प्रसूतीस जितका विलंब, तितका धोका अधिक. तिसरी वाट जन्मानंतरची, म्हणजे आपले हात, कपडे, नाळेवर लावलेले पदार्थ आणि कधी कधी रुग्णालयातील उपकरणे.

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या व तेथील नवजात शिशू कक्षांत दाखल झालेल्या १३,५३० बालकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदोषाच्या सुमारे दोन तृतीयांश घटना पहिल्या ७२ तासांतच घडल्याचे आढळले. सापडलेल्या अनेक जंतूंवर नेहमीची प्रतिजैविके निष्प्रभ ठरत होती. याचा अर्थ असा, की बाळ आजारी पडल्यानंतर भारी औषधे शोधण्यापेक्षा ते आजारी पडण्यापूर्वीचे दिवस अधिक मोलाचे आहेत.

एक प्रसंग

येथे एक प्रसंग सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. तो आमच्याच रुग्णालयातील असून काही वर्षांपूर्वीचा आहे. कुटुंबाची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

लकडगंजातील एका आरामशीनवर काम करणाऱ्या गृहस्थाची पत्नी पहिल्या खेपेस आमच्याकडे तपासणीस येत असे. सातव्या महिन्यात तिची तपासणी झाली. लघवीचा नमुना घेतला गेला व तो जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत ठेवला गेला. तिला कोणताही त्रास नव्हता. त्याच आठवड्यात डोहाळजेवण झाले आणि ती रीतीप्रमाणे माहेरी गेली. दोन दिवसांनी अहवाल आला. लघवीत जंतू भरपूर वाढले होते आणि ते कोणत्या औषधाने जातील, हेही त्यात लिहिले होते. तो कागद तिच्या फाइलीत व्यवस्थित लावण्यात आला. कोणी कोणास कळविले नाही, कारण नोंदणीच्या कागदावर दूरध्वनी क्रमांकाचा रकाना कोरा होता.

साधारण तीन आठवड्यांनी तिला हुडहुडी भरून ताप आला आणि कमरेत दुखू लागले. वैशाखाचे दिवस असल्याने ऊन लागले असावे, असे घरच्यांनी मानले. तिसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. माहेरहून तिला आमच्याकडे आणले, तेव्हा आठवा महिना चालू होता. मुलगा झाला. वजन दीड किलोच्या जवळपास. दुसऱ्या दिवशी त्याने दूध सोडले आणि पाचव्या दिवशी तो गेला. आई औषधोपचाराने बरी झाली.

त्या लघवीतील जंतूंमुळेच हे घडले, असे निश्चयाने सांगता येत नाही, असे आमच्या डॉक्टरांचे मत आहे आणि त्यांचे म्हणणे आम्ही मान्य करतो. परंतु गोळ्या वेळेवर मिळाल्या असत्या, तर ताप टळण्याची चांगली शक्यता होती, हेही त्यांनी सांगितले. प्रयोगशाळेने आपले काम केले होते. डॉक्टरांनी योग्य तपासणी लिहून दिली होती. चूक कार्यालयाची होती आणि कार्यालय आमच्या अखत्यारीत आहे. बाळाच्या आजोबांनी फाईल मागितली, ती उघडली, तेव्हा तो कागद सर्वांत वर होता. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि काहीही बोलले नाहीत.

लघवीची तपासणी : सर्वांत स्वस्त, सर्वांत दुर्लक्षित

गर्भारपणात लघवीमध्ये जंतू वाढण्याचे प्रमाण शंभरांत दोन ते दहा स्त्रियांत आढळते. विशेष म्हणजे यांतील पुष्कळ स्त्रियांना जळजळ, ताप वा दुखणे काहीच नसते. याची कारणे शरीराच्या रचनेतच आहेत. गर्भारपणातील संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात. वाढत्या गर्भाशयाचा त्यांवर दाब येतो आणि लघवी साचून राहते. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरावे, तसे जंतू तेथे वाढतात. त्यात नागपूरचा उन्हाळा. दिवसभर पाणी कमी पिणे आणि शौचालयाची सोय नसल्याने लघवी दाबून ठेवणे या दोन्ही गोष्टी आमच्या परिसरातील कष्टकरी स्त्रियांच्या वाट्यास येतात.

अशा स्त्रीवर उपचार न झाल्यास सुमारे चौघींपैकी एकीच्या बाबतीत संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. मग हुडहुडी, तीव्र ताप, उलट्या आणि कमरेत दुखणे सुरू होते. अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. उलट वेळीच निदान झाल्यास गर्भारपणात चालणाऱ्या साध्या गोळ्यांचा काही दिवसांचा क्रम पुरेसा असतो. गोळ्या मात्र डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या असाव्यात आणि पूर्ण घ्याव्यात. बरे वाटले म्हणून मध्येच थांबवू नयेत व उरलेल्या गोळ्या शेजारणीस देऊ नयेत.

रक्ताच्या तपासण्या कशासाठी?

‘एवढे रक्त कशासाठी घेता?’ हा प्रश्न आमच्या खिडकीवर वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर असे :

उपदंश, म्हणजे ज्यास लोक गरमी म्हणतात, तो आजार आईस जाणवत नसतानाही गर्भास होऊ शकतो. वारंवार गर्भपात, मृत बालकाचा जन्म किंवा जन्मजात दोष ही त्याची फळे होत. पेनिसिलीनच्या सुईने तो बरा होतो. मात्र पतीवरही उपचार व्हावे लागतात, नाही तर आजार परत येतो. पतीस तपासणीसाठी बोलाविले, म्हणजे कोणावर संशय घेतला असा अर्थ कृपया काढू नये.

एचआयव्ही बाधित मातेकडून बाळास लागण होण्याचे प्रमाण उपचाराविना शंभरांत १५ ते ४५ असते. मातेने वेळेवर औषधे सुरू केल्यास ते पाचाच्या खाली आणता येते. शासनाच्या केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात.

ब प्रकारच्या काविळीचा विषाणू जन्माच्या वेळी बाळास लागल्यास दहांपैकी सुमारे नऊ बालकांत तो आयुष्यभर घर करतो व पुढे यकृताचे गंभीर आजार संभवतात. म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आत लस द्यावी लागते. मातेस संसर्ग असल्यास बाळास आणखी एक सुई दिली जाते. येथे उद्याची गोष्ट आज करणे हाच उपचार आहे.

ई प्रकारची कावीळ दूषित पाण्यातून येते. इतरांना ती बहुधा सौम्य असते, परंतु गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत ती झाल्यास सुमारे पाच रुग्णांपैकी एकीचा मृत्यू ओढवू शकतो. पावसाळ्यात गर्भवती स्त्रीने उकळून गार केलेले पाणीच प्यावे, हा आमचा आग्रह त्यासाठी आहे.

रुबेला, म्हणजे वरकरणी साधा गोवरासारखा दिसणारा पुरळ. तो पहिल्या तीन महिन्यांत झाल्यास बाळाचे हृदय, डोळे व कान यांस इजा होते. त्याची लस गर्भारपणात देता येत नाही, ती त्यापूर्वीच घ्यावी लागते. म्हणून घरातील मुलींच्या लसीकरणाकडे लक्ष द्यावे.

धनुर्वाताबाबत मात्र आनंदाने लिहिता येते. एके काळी नाळ अस्वच्छ साधनाने कापल्यामुळे असंख्य बालके धनुर्वाताने जात. मातांचे लसीकरण व स्वच्छ प्रसूती यांमुळे हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उरला नसल्याचे भारताच्या बाबतीत २०१५ साली प्रमाणित झाले. सामान्य वाटणारी दोन टोचणी देशभर नेटाने दिली, त्याचे हे फळ होय.

प्रसूतीची वेळ : नागपूरचा एक धडा

प्रसूतीच्या सुमारास होणाऱ्या संसर्गाचा इतिहास जुना आहे. व्हिएन्नातील डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ साली प्रसूतिकक्षात शिरण्यापूर्वी क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या कक्षातील शंभर मातांपैकी सुमारे १८ माता सूतिकाज्वराने दगावत होत्या. जूनमध्ये ते प्रमाण दोनाच्या आसपास आले. औषध नवे नव्हते, हात स्वच्छ झाले इतकेच.

आता आपल्या गावाकडे येऊ. मातांना रक्तदोषापासून वाचविण्यासाठी प्रसूतीच्या कळा सुरू असताना अॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक एकदाच, दोन ग्रॅम, तोंडाने दिल्यास उपयोग होतो काय, याचा एक मोठा अभ्यास २०१९ ते २०२२ या काळात सात देशांत झाला. भारतातील दोन केंद्रे नागपूर व बेळगाव येथे होती. नागपूरचे काम डॉ. अर्चना पटेल यांच्या मार्गदर्शनाखालील लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनने पाहिले. सर्व देश मिळून २९,२७८ स्त्रिया सहभागी झाल्या. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्या मातांत रक्तदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण १.६ टक्के, तर न मिळालेल्यांत २.४ टक्के आढळले. म्हणजे धोका सुमारे एक तृतीयांशाने घटला. विदर्भातील सामान्य घरांच्या मातांनी जगाच्या ज्ञानात ही भर घातली, याचा अभिमान वाटतो.

परंतु या अभ्यासाचा दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे. बाळांना या औषधाचा लाभ झाला नाही. मृत जन्म, नवजाताचा मृत्यू किंवा रक्तदोष यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, साडेदहा टक्क्यांच्या आसपास राहिले. अखेरच्या घटकेस दिलेल्या एका मात्रेने आई सावरते, बाळाचे रक्षण मात्र तेवढ्याने होत नाही. त्यासाठी आधीचे महिने आणि नंतरचे दिवस या दोन्हींकडे पाहावे लागते. आमच्या नोंदणीच्या खिडकीचे काम याच दोन टोकांवर असते, म्हणून हा निष्कर्ष आम्ही जपून ठेवला आहे. (हे औषध कोणास व केव्हा द्यावे, हे डॉक्टरच ठरवितात. कृपया ते दुकानातून आणून ठेवू नये.)

कुटुंबीयांना एक विनंती. पाणी गेल्यास, कळा नसल्या तरी, ताबडतोब रुग्णालयात यावे आणि पाणी कोणत्या वेळी गेले ते घड्याळ पाहून लिहून ठेवावे. पाणी जाऊन १८ तासांहून अधिक काळ लोटल्यास बाळास संसर्गाचा धोका वाढतो. डॉक्टरांचे पुढील निर्णय या एका वेळेवर अवलंबून असतात. ‘रात्री कधीतरी’ हे उत्तर त्यांना अपुरे पडते.

पहिले अठ्ठावीस दिवस : गडचिरोलीचा आदर्श

पाचवीच्या रात्री सटवाई बाळाचे भाग्य लिहिते, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. पाचवी-सहावीच्या दिवसांत बाळे जातात, हे जुन्या स्त्रियांनी डोळ्यांनी पाहिले होते, म्हणूनच त्या रात्री जागविल्या जात असाव्यात, असे आम्हांस वाटते. जागरण योग्यच होते. काय पाहावे, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते.

ते शिकविण्याचे कार्य आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने केले. ३९ गावांतील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. त्या घरोघरी जाऊन बाळाचे वजन व तापमान पाहत, श्वास मोजत आणि संसर्गाची लक्षणे दिसल्यास, पालकांनी रुग्णालयात नेण्यास नकार दिल्यावर, घरीच जेंटामायसिनची सुई व पातळ औषध देत. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तुलनेच्या गावांपेक्षा तेथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ पासून शासनाने आशा सेविकांमार्फत नवजात बालकांच्या गृहभेटी देशभर सुरू केल्या. रुग्णालयातून घरी गेलेल्या बाळास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी आशाताई भेटतात. त्यांना दारातून परत पाठवू नये.

घरी गेल्यावर पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास, दिवस असो वा रात्र, बाळास रुग्णालयात आणावे :

१. बाळाने दूध ओढणे सोडले किंवा ते कमी केले.
२. अंग गरम किंवा गार पडले.
३. श्वास मिनिटास ६० किंवा त्याहून अधिक, अथवा छाती आत ओढली जाते.
४. बाळ निपचित पडले आहे, किंवा झटके येत आहेत.
५. नाळेभोवती लाली, दुर्गंधी किंवा पू.
६. तळहात व तळपाय पिवळे दिसणे.

मातेस ताप, हुडहुडी, अंगावर दुर्गंधीयुक्त जाणे, ओटीपोटात दुखणे किंवा टाक्यातून पू येणे, यांपैकी काहीही झाल्यास ‘बाळंतिणीला होतेच’ असे म्हणून थांबू नये.

नाळेस राख, हळद, तेल वा शेण काहीही लावू नये, ती कोरडी ठेवावी. पहिल्या तासात आईचे चीकदूध पाजावे. ते बाळाचे पहिले संरक्षण आहे. मध व गुटी देऊ नये. बारशास पाहुणे अवश्य यावेत, पण बाळास घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. हे सांगण्यास आजींना संकोच वाटू नये.

आम्ही काय बदलले, आणि आपण काय करू शकता

वर सांगितलेल्या प्रसंगानंतर आमच्या कार्यालयात एक नोंदवही आली. तीवर ‘न कळविलेले अहवाल’ एवढेच लिहिले आहे. रोज सायंकाळी खिडकी बंद करण्यापूर्वी प्रयोगशाळेची यादी व ही वही पडताळली जाते. दोष आढळलेला प्रत्येक अहवाल कोणास, केव्हा व कोणी कळविला, याची नोंद होते. नोंदणीच्या वेळी आता सासर व माहेर असे दोन दूरध्वनी क्रमांक घेतले जातात. सातव्या महिन्यात माहेरी जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीस सर्व तपासण्यांचा गोषवारा एका कागदावर लिहून देतो. कृपया तो कागद जपावा आणि जेथे तपासणीस जाल तेथे दाखवावा. शासकीय आरोग्य केंद्रांतही दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवती स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते, तिचा लाभ अवश्य घ्यावा.

देणगीदारांस एक नम्र निवेदन. आपल्या औदार्यातून मिळालेल्या उपकरणांवर आपली नावे आहेत आणि ती उपकरणे रोज प्राण वाचवीत आहेत. परंतु जंतुपरीक्षणाच्या काचबश्या, साबण, निर्जंतुक हातमोजे, काविळीची लस आणि सायंकाळी तासभर फोन करणाऱ्या कर्मचाऱ्याचे वेतन, यांवर नामफलक लावता येत नाही. त्यांची खरेदी होते आणि ती संपतात. ताळेबंदात ती मालमत्ता म्हणून दिसत नाहीत, केवळ खर्च म्हणून दिसतात. हिशेब लिहिणारे म्हणून आम्ही सांगू शकतो, की संस्थेचा सर्वांत फलदायी खर्च हाच आहे. जी आजारी पडली नाहीत, त्या बाळांची नावे कोणत्याही अहवालात येत नाहीत, या अहवालातही ती आलेली नाहीत. यंदा आपली देणगी या खात्यात द्यावी, ही विनंती.

ज्या आजोबांनी तो कागद घडी घालून परत दिला, ते पुढे दोन वर्षांनी सुनेस घेऊन पुन्हा आमच्याच खिडकीवर आले. नोंदणीचा कागद भरताना आम्ही विचारण्यापूर्वीच त्यांनी आपला, मुलाचा आणि व्याह्यांचा असे तीन क्रमांक सांगितले. आम्ही तिन्ही लिहून घेतले.



व्यवस्थापक,
रुग्णालय कार्यालय, लकडगंज, नागपूर